जोड्या मोजणारी माणसं

नाशिक-पुणे रेल्वेचा विषय निघाला की नाशिककराचा आवाज चढतो, आणि ते रास्तच आहे. रस्त्याने दोनशे-सव्वादोनशे किलोमीटरवर असलेल्या या दोन शहरांना जोडणारा थेट लोहमार्ग आजही नाही. गाडीने जायचं तर कल्याणचा नाहीतर मनमाडचा वळसा. सिन्नर, संगमनेर, नारायणगाव, चाकण असा सुमारे २३५ किलोमीटरचा सेमी-हायस्पीड मार्ग आखला गेला, सिन्नर तालुक्यात जमिनीच्या संपादनालाही सुरुवात झाली. मग कळलं की नारायणगावजवळून गाडी नेता येणार नाही. आडवा आला होता तो डोंगर नव्हे, नदीही नव्हे. खोडद गावच्या शिवारातली एक दुर्बीण आडवी आली होती. रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव यांनी संसदेतही हेच कारण दिलं आणि शिर्डी-अहिल्यानगरकडून जाणाऱ्या पर्यायी मार्गाची चर्चा सुरू झाली. संगमनेर-जुन्नरकडची नाराजी त्यानंतर लपून राहिलेली नाही.

या वादात दोन्ही बाजूंनी पुष्कळ बोललं गेलं. पण ज्या दुर्बिणीसाठी रूळ वळवायची वेळ आली, ती तिथे कशासाठी उभी राहिली हे फारसं कुणी सांगितलं नाही. ते सांगायला हवं. कारण तिच्या जन्मामागचा प्रश्न विश्वविज्ञानातल्या मोठ्या प्रश्नांपैकी एक आहे: विश्वातला पदार्थ सगळीकडे सारखा पसरलेला नाही, तो ठिकठिकाणी गोळा झालेला आहे, हे गोळा होणं केव्हा सुरू झालं, किती अंतरापर्यंत चालतं, आणि ते मोजायचं कसं?

नाशिकहून पुण्याकडे निघालं की सिन्नर, संगमनेर, आळेफाटा मागे टाकून नारायणगाव येतं. टोमॅटोच्या बाजाराचं आणि तमाशाच्या फडांचं गाव. तिथून पूर्वेला वळलं की थोड्याच वेळात शेतांच्या वर पांढरट जाळीच्या प्रचंड थाळ्या दिसू लागतात. हीच जायंट मीटरवेव्ह रेडिओ टेलिस्कोप, म्हणजे जीएमआरटी. अशा तीस थाळ्या आहेत, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. चौदा मध्यभागी साधारण एक चौरस किलोमीटरात, उरलेल्या सोळा इंग्रजी वाय अक्षराच्या तीन हातांवर, पंचवीसेक किलोमीटरच्या टापूत. थाळी म्हटलं की भरीव पत्रा डोळ्यांसमोर येतो. इथे पत्रा नाही. स्टीलच्या दोरांवर ताणून बसवलेली बारीक तारांची जाळी आहे, आणि जवळ उभं राहिलं तर तिच्यातून पलीकडचं आभाळ स्पष्ट दिसतं. मीटरभर लांबीच्या रेडिओलहरींना मात्र ही जाळी भरीव आरशासारखीच वाटते. वारा जाळीतून निघून जातो, म्हणून खालचा सांगाडा हलका ठेवता आला आणि खर्चही आवाक्यात राहिला. ही कल्पना गोविंद स्वरूप यांची. देशात रेडिओ खगोलशास्त्र उभं करणारा हा माणूस २०२० मध्ये गेला.

१९८४ च्या सुमारास स्वरूप यांनी या दुर्बिणीचा आराखडा मांडला, तेव्हा तिच्यापुढच्या प्रमुख उद्दिष्टांपैकी एक होतं दीर्घिका जन्मण्याआधीचे हायड्रोजनचे महाकाय ढग शोधण्याचं. हायड्रोजनचा अणू २१ सेंटिमीटर लांबीची एक ठरावीक रेडिओलहर सोडतो. विश्व प्रसरण पावत असल्याने फार दूरच्या, म्हणजेच फार जुन्या हायड्रोजनची लहर ताणली जाऊन आपल्यापर्यंत येते. जवळपास बारा अब्ज वर्षांपूर्वी निघालेली लहर इथे पोचेपर्यंत नव्वद सेंटिमीटरांच्या वर गेलेली असते. त्या काळी बऱ्याच शास्त्रज्ञांचा कयास होता की आधी पदार्थाचे मोठाले थर गोळा झाले आणि मग ते फुटून त्यांच्यातून दीर्घिका झाल्या. तसं असेल तर ते थर मीटरभर लांबीच्या लहरींत सापडायला हवेत. जीएमआरटीच्या नावात ‘मीटरवेव्ह’ आहे ते या पट्ट्यातल्या कामामुळे. पुण्यापासून फार लांब नाही, भोवती डोंगरांची आड, आणि रेडिओ गोंगाट कमी, म्हणून खोडद निवडलं गेलं. विजेवरच्या रेल्वेत पेंटोग्राफ आणि वरची तार यांच्यामध्ये सतत ठिणग्या पडतात आणि प्रत्येक ठिणगी याच लहरींमध्ये गोंगाट करते. आक्षेपाचं मूळ तिथे आहे.

ते महाकाय ढग सापडले नाहीत. सिद्धांतही पुढे बदलला: लहान गाठी आधी बनतात, मोठ्या रचना नंतर, असं चित्र पक्कं होत गेलं. दुर्बिणीने दुसरी असंख्य कामं केली. २०२० मध्ये राष्ट्रीय रेडिओ खगोलभौतिकी केंद्रातल्या गटाने आठ अब्ज वर्षांपूर्वीच्या ७,६५३ दीर्घिकांचे एकेकटे न दिसणारे क्षीण संकेत एकावर एक रचून त्यांच्यातल्या हायड्रोजनचं सरासरी प्रमाण काढलं. ‘नेचर’मध्ये आलेलं ते काम खोडदचं. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला इथे आसपासच्या शाळांची मुलं आपापले प्रयोग घेऊन येतात आणि दुर्बीण लोकांसाठी खुली होते. ज्यांना रेल्वेच्या वळशाचा राग आहे त्यांनी एकदा त्या दिवशी जरूर जावं. राग जाईलच असं नाही, पण कशासाठी किंमत मोजतो आहोत ते कळेल.

आता मोजणीकडे. दीर्घिका गोळा झालेल्या आहेत, हे ठरवायचं कसं? नकाशा बघून, हे सुचणारं पहिलं उत्तर, आणि तेच फसवं आहे. कागदावर डोळे मिटून हजार ठिपके मारले तरी माणसाला त्यात साखळ्या, वर्तुळं, रिकामी मैदानं दिसतात. आपला डोळा आकृती शोधायलाच घडलेला आहे.

नाशिककरांना हे सिंहस्थाच्या गर्दीवरून चटकन कळेल. पर्वणीच्या दिवशी रामकुंडाच्या परिसराचा वरून फोटो काढला आणि त्यात नुसती डोकी दिसत आहेत असं समजा. माणसं कुटुंबाकुटुंबाने, गावागावाने आली आहेत की एकेकटी, हे त्या ठिपक्यांवरून सांगायचं आहे. उपाय असा: प्रत्येक माणसापासून हातभर अंतरावर किती माणसं आहेत, ते मोजायचं. मग दहा पावलांवर किती, मग शंभर पावलांवर. म्हणजे जोड्या मोजायच्या, अंतराप्रमाणे. त्यानंतर तेवढीच डोकी त्याच घाटावर कशीही विखरून टाकायची आणि पुन्हा जोड्या मोजायच्या. ही नकली गर्दी नेमक्या त्याच घाटावर विखरायला हवी. जिथे खरे पायऱ्यांचे टप्पे आहेत तिथेच, जिथे बॅरिकेड लावून जागा बंद केली आहे तिथे एकही नाही. नाहीतर बॅरिकेडमुळे झालेली दाटी कुटुंबाची समजली जाईल. खऱ्या गर्दीतल्या हातभर अंतराच्या जोड्या नकलीपेक्षा तिप्पट निघाल्या, तर माणसं सोबतीने आली आहेत हे सिद्ध झालं. शंभर पावलांवर दोन्ही आकडे सारखे झाले, तर सोबत तिथवर पोचत नाही.

विश्वविज्ञानात चालतं ते नेमकं हेच. खऱ्या दीर्घिकांच्या जोड्या भागिले यादृच्छिक ठिपक्यांच्या जोड्या, वजा एक. उत्तर शून्य आलं तर त्या अंतरावर दीर्घिकांना एकमेकींची दखल नाही. १९६९ मध्ये जपानमधल्या तोत्सुजी आणि किहारा यांनी हे गणित दीर्घिकांवर चालवलं. १९७० च्या दशकात प्रिन्स्टनच्या जिम पीबल्स यांनी त्याची अख्खी शाखा उभी केली. पीबल्सना २०१९ चा नोबेल पुरस्कार मिळाला. त्यांना कच्चा माल पुरवणारी माणसं मात्र आज फारशा कुणाच्या स्मरणात नाहीत. कॅलिफोर्नियातल्या लिक वेधशाळेत डोनाल्ड शेन आणि कार्ल विर्टानेन यांनी काचेच्या फोटोप्लेटांवर भिंगातून पाहत, वर्षानुवर्षं, एकेक दीर्घिका डोळ्यांनी मोजली. आकडा दहा लाखांच्या घरात गेला. त्या नोंदी १९६७ मध्ये छापल्या गेल्या. संगणक नावाला होते तेव्हाची ही गोष्ट.

निष्पन्न काय झालं? दोन दीर्घिकांमधलं अंतर सुमारे सव्वादोन कोटी प्रकाशवर्षं असेल, तर तिथे जोडी सापडण्याची शक्यता यादृच्छिकापेक्षा दुप्पट असते. अंतर त्याहून कमी झालं की शक्यता झपाट्याने चढते, वाढलं की तशीच उतरते. आकडा साधा, पण कुठल्याही सिद्धांताला आता तो आकडा देता यायला हवा होता. पीबल्स आणि रेमंड सोनेरा यांनी एवढ्यावर न थांबता हेच आकडे पाळणारा एक नकली नकाशा संगणकावर तयार केला आणि खऱ्याशेजारी ठेवून पाहिला. डोळ्यावर किती विसंबायचं, हे तपासण्याचा तो शहाणा मार्ग होता.

पण या कहाणीत मराठी नाव पीबल्सच्याही आधी येतं. आणि त्या नावाचा नाशिकशी संबंध आहे. डिसेंबर २०२१ मध्ये नाशिकला ९४ वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झालं, त्याचे अध्यक्ष होते जयंत नारळीकर. प्रकृतीमुळे ते प्रत्यक्ष येऊ शकले नाहीत. त्यांच्या विज्ञानकथांवर, लोकांसाठी केलेल्या लेखनावर तेव्हा भरपूर लिहून आलं. त्यांच्या तरुणपणीची एक झुंज मात्र वाचकांपुढे क्वचितच आली.

१९६१ चा फेब्रुवारी. केंब्रिजचे रेडिओ खगोलशास्त्रज्ञ मार्टिन राईल यांनी आकाशातल्या रेडिओस्रोतांची मोजणी जाहीर केली. मंद स्रोत अपेक्षेपेक्षा जास्त निघाले होते. याचा अर्थ पूर्वीचं विश्व आजच्यापेक्षा वेगळं होतं, म्हणून फ्रेड हॉईल यांचा स्थिर विश्वाचा सिद्धांत बाद, असं राईल यांचं म्हणणं. रॉयल अॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीच्या बैठकीत उत्तर द्यायचं होतं, आणि हॉईल यांनी ते काम सोपवलं आपल्या संशोधक विद्यार्थ्यावर. नारळीकर तेव्हा तेवीसही पुरे नव्हते. त्यांचा आणि हॉईल यांचा युक्तिवाद असा होता: विश्व पाच कोटी पारसेक, म्हणजे सुमारे सोळा कोटी प्रकाशवर्षांच्या मापावर खडबडीत असेल, कुठे दाटी आणि कुठे पोकळी अशी रचना असेल, तर आपण कुठे बसून मोजतो आहोत त्यावर मोजणीचा निकाल बदलेल. पुढच्या वर्षीच्या निबंधासाठी त्यांनी संगणकावर यादृच्छिक आकडे वापरून अशी नकली विश्वं घडवली आणि त्यात बसून मोजणी करून पाहिली.

स्थिर विश्वाचा सिद्धांत टिकला नाही. १९६५ मध्ये विश्वाच्या पार्श्वभूमीचं सूक्ष्मलहरी प्रारण सापडलं आणि बहुतेक शास्त्रज्ञांनी महास्फोटाचा पक्ष घेतला. नारळीकर आपल्या शंका अखेरपर्यंत मांडत राहिले. २० मे २०२५ रोजी पुण्यात त्यांचं निधन झालं. पण ज्या खडबडीतपणाचा त्यांनी आधार घेतला, तो तेव्हा फार थोड्यांना मान्य होता. दीर्घिकांच्या समूहांचेही महासमूह असतात, असं जेरार द व्होकुलर १९५३ पासून सांगत होते आणि फ्रिट्झ झ्विकीसारखे दिग्गज ते नाकारत होते. सोळा कोटी प्रकाशवर्षांच्या भिंती आणि पोकळ्या आज पाठ्यपुस्तकात आहेत. ज्या सिद्धांताच्या बचावासाठी हा तर्क केला तो पडला, तर्क मात्र खरा ठरला. विज्ञानात असं होतं, आणि ते नारळीकरांच्या खात्यावर नीट जमा व्हायला हवं.

तो खरा ठरायला तिसरी मिती लागली. फोटोत दिसते ती दीर्घिकेची फक्त दिशा. जवळची आणि लांबची एकाच ठिपक्यावर बसतात. अंतर कळण्यासाठी प्रत्येकीच्या प्रकाशाचा वर्णपट काढून त्यातल्या रेषा तांबड्या टोकाकडे किती सरकल्या, म्हणजे ताम्रसृती किती, हे मोजावं लागतं. हार्वर्ड-स्मिथसोनियन केंद्राच्या व्हॅलेरी द लापारां, मार्गारेट गेलर आणि जॉन हुक्रा यांनी आकाशाची एक अरुंद पट्टी घेऊन हजारावर दीर्घिकांची अंतरं नकाशावर मांडली. १९८६ मध्ये तो नकाशा छापून आला तेव्हा लोक थक्क झाले. दीर्घिका पातळ पडद्यांवर बसलेल्या होत्या आणि पडद्यांच्या मध्ये अफाट पोकळ्या.

एकेक वर्णपट घेत बसलं तर लाखाला जन्म पुरणार नाही. अमेरिकेतल्या स्लोन सर्वेक्षणाने यावर काढलेली युक्ती तपशिलात पाहण्यासारखी आहे. आकाशाच्या एका तुकड्यातल्या ६४० ठिकाणांच्या जागा आधी फोटोवरून काढायच्या. मग साधारण ८१ सेंटिमीटर व्यासाच्या अॅल्युमिनियमच्या एका चकतीत बरोबर त्या जागी ६४० भोकं पाडायची. ही चकती सिएटलला बनायची आणि न्यू मेक्सिकोतल्या अपाची पॉइंट वेधशाळेत जायची. तिथे दिवसा तंत्रज्ञ टेबलाशी बसून एकेका भोकात काचतंतूचं टोक हाताने खोचायचे. रात्री ती चकती दुर्बिणीला जोडली की प्रत्येक भोकावर एकेका दीर्घिकेचा प्रकाश पडायचा आणि तंतूमधून वर्णपटमापकाकडे जायचा. पुढच्या तुकड्यासाठी नवी चकती, नवी भोकं. हजारो चकत्या अशा वापरल्या गेल्या. आजच्या विश्वाच्या नकाशातला मोठा भाग या बोटांनी खोचलेल्या तंतूंमधून आलेला आहे.

या नोंदी साऱ्या जगाला खुल्या आहेत, आणि पुण्याच्या ‘आयुका’तल्या शोधाचं मूळ तिथेच आहे. नारळीकरांनी १९८८ मध्ये उभारलेल्या या संस्थेतले जयदीप बागची आणि त्यांचे सहकारी शिशिर सांख्यायन, प्रकाश सरकार, सोमक रायचौधुरी, जो जेकब, प्रतीक दाभाडे यांनी स्लोनच्या ‘स्ट्राइप ८२’ या पट्टीतल्या दीर्घिकांची घनता तपासली. पृथ्वीपासून चार अब्ज प्रकाशवर्षांवर एक अशी जागा निघाली की तिथे दीर्घिकांचे निदान ४३ मोठे समूह एकाच भिंतीत बसलेले आहेत. भिंतीचा पसारा किमान साठ-पासष्ट कोटी प्रकाशवर्षं. एकूण वस्तुमान सूर्याच्या सुमारे दोन कोटी अब्ज पट. घनता विश्वाच्या सरासरीच्या अडीचपटीहून अधिक. भोवती धाग्यांचं जाळं आणि ओस पडलेल्या मोठाल्या पोकळ्या. जुलै २०१७ मध्ये शोध जाहीर झाला आणि महासमूहाला नाव मिळालं ‘सरस्वती’.

दिवाळीतल्या रात्री तिची दिशा दाखवता येते. अंधार पडल्यावर शहराच्या दिव्यांपासून दूर, त्र्यंबकच्या पुढे किंवा हरसूलकडे गेलं, की डोक्यावर चार ताऱ्यांचा मोठा चौकोन दिसतो. पंचांगातली पूर्वा आणि उत्तरा भाद्रपदा ती हीच. चौकोनाच्या खाली, दक्षिणेकडे, मीन राशीतल्या मंद ताऱ्यांचं एक कडं आहे आणि सरस्वती त्याच भागात. नुसत्या डोळ्यांनी तिथे काहीही दिसत नाही. चौकोनाच्या उत्तर भाद्रपदेच्या कोपऱ्यावरून थोडं पुढे सरकलं तर देवयानी दीर्घिकेचा पुसट डाग मात्र काळ्याभोर आभाळात सापडतो. तो पंचवीस लाख प्रकाशवर्षांवरचा. सरस्वती त्याच्या सोळाशे पट दूर आहे, हे त्या डागाकडे पाहत मनात आणलं की चार अब्जाचा आकडा थोडा हाताशी येतो.

या शोधात रायचौधुरी असणं हा योगायोग नाही. १९८९ मध्ये, केंब्रिजला विद्यार्थी असताना, आपल्या बरंच जवळ असलेला एक प्रचंड महासमूह त्यांनी दाखवून दिला होता. तिथली दाटी १९३० च्या सुमारास हार्लो शॅपली यांच्या नजरेत आली होती, म्हणून त्याला शॅपलीचं नाव दिलं. सरस्वतीची तुलना आज त्याच्याशीच केली जाते.

इथे सुरुवातीचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. एवढी मोठी भिंत दिसली, तर ती खरोखर एकसंध वस्तू आहे का? पुण्याच्या गटाने याला प्रामाणिक उत्तर दिलं. गणितानुसार मधला सुमारे साडेसहा कोटी प्रकाशवर्षं त्रिज्येचा गाभा स्वतःच्या गुरुत्वाने आत येत असावा. त्याबाहेरचा पसारा विश्वाच्या प्रसरणाबरोबर पांगत जाण्याचीच शक्यता अधिक. म्हणजे सगळी सरस्वती कायमची नाही, गाभा टिकेल. शोधाच्या बातम्यांमध्ये आकार ठळक छापून आला. खरं महत्त्व आहे ते काळाला: आपण पाहतो तो तिचा चार अब्ज वर्षांपूर्वीचा प्रकाश आहे. विश्वाच्या प्रसरणाला वेग देणारी कृष्ण ऊर्जा तेव्हा नुकती कुठे वरचढ होत होती. त्या वेळेपर्यंत एवढी दाटी जमली कशी, हे प्रचलित सिद्धांताला सांगता यायला हवं. आयुकातलेच वरुण साहनी यांनी १९९८ मध्ये सहकाऱ्यांबरोबर अशा रचनांची जाडी, रुंदी, लांबी आकड्यात काढण्याच्या पद्धती दिल्या, त्याही याच गरजेतून. धागा, पडदा, गोळा हे शब्द बोलायला सोपे. मोजता आले तरच त्यांच्यावर वाद घालता येतो.

जोड्या मोजण्याच्या पद्धतीने सगळ्यात मोठं बक्षीस दिलं ते २००५ मध्ये. विश्व पहिली सुमारे ३ लाख ८० हजार वर्षं इतकं तापलेलं होतं की प्रकाश आणि पदार्थ एकत्र बांधलेले होते आणि त्यातून दाबाच्या, म्हणजे ध्वनीच्याच, लाटा पसरत होत्या. विश्व निवल्यावर लाटा जागच्या जागी थांबल्या. त्या जिथवर पोचल्या होत्या तिथे पदार्थ जरासा जास्त राहिला. प्रसरणाने ताणलं जाऊन ते अंतर आज सुमारे ४९ कोटी प्रकाशवर्षं भरतं. म्हणजे बरोबर तेवढ्या अंतरावर दीर्घिकांच्या जोड्या यादृच्छिकापेक्षा किंचित जास्त सापडायला हव्यात. किंचित म्हणजे शंभरात एखादी. डॅनियल आयझेनस्टाइन यांच्या गटाने स्लोनच्या ४६,७४८ तांबूस दीर्घिका घेऊन जोड्या मोजल्या आणि आलेखावर नेमक्या त्या जागी उंचवटा निघाला. ऑस्ट्रेलियातल्या दुर्बिणीवरून झालेल्या टूडीएफ सर्वेक्षणातही त्याच सुमारास त्याची खूण मिळाली. कुठल्याही नकाशात हे डोळ्याला दिसणं शक्य नव्हतं. मोजणीचा यापेक्षा मोठा विजय शोधून सापडणार नाही.

उंचवट्याची जागा वेगवेगळ्या काळातल्या दीर्घिकांमध्ये शोधली की विश्व कोणत्या काळात किती वेगाने प्रसरण पावलं ते कळतं. अॅरिझोनातल्या किट पीकवर २०२१ पासून ‘डेसी’ हे सर्वेक्षण चालू आहे. तिथे चकत्यांची भोकं गेली आणि पाच हजार छोटे यंत्रमानव आले. आकाशाचा तुकडा बदलला की प्रत्येक जण आपापला काचतंतू स्वतः नव्या जागी नेतो. मार्च २०२५ मध्ये डेसीने एक कोटी चाळीस लाखांहून अधिक दीर्घिका आणि क्वासारांवरचे निष्कर्ष मांडले. इतर मोजमापांशी जुळवून पाहिलं तर कृष्ण ऊर्जा स्थिर नसून काळानुसार क्षीण होत असावी, असा इशारा त्यातून मिळतो. कोणत्या सुपरनोव्हांच्या नोंदी जोडीला घेतल्या त्यानुसार इशाऱ्याची ताकद २.८ ते ४.२ सिग्मा. भौतिकशास्त्रज्ञ शोध म्हणतात तो ५ सिग्मानंतर.

पुण्यात याच कामाचा दुसरा पैलू सुहृद मोरे यांच्या हाती आहे. आयुकातले हे प्राध्यापक जपानच्या सुबारू दुर्बिणीवरच्या हायपर सुप्रीम-कॅम सर्वेक्षणात आहेत. हवाई बेटावरच्या मौना केआ पर्वतावर ही ८.२ मीटरची दुर्बीण आहे आणि तिचा कॅमेरा ८७ कोटी पिक्सेलचा. २०२३ मध्ये तीन वर्षांच्या नोंदींवरचे निष्कर्ष आले, तेव्हा मोजमापांच्या मुख्य निबंधाचे पहिले लेखक मोरे होते. त्यात तीन गोष्टी एकत्र मोजल्या होत्या: स्लोनच्या दीर्घिकांच्या जोड्या, त्या दीर्घिकांभोवतीच्या वस्तुमानाने मागच्या दीर्घिकांच्या प्रतिमा किती वाकवल्या, आणि वाटेतल्या सगळ्या पदार्थामुळे अडीच कोटी दीर्घिकांचे आकार मिळून किती कलले. पहिली मोजणी दिसणाऱ्या दीर्घिकांची. उरलेल्या दोन न दिसणाऱ्या कृष्ण पदार्थाचंही वजन सांगतात. दीर्घिका आणि कृष्ण पदार्थ सारख्याच प्रमाणात गोळा होतात असं गृहीत धरायची त्यामुळे गरज उरत नाही.

या कामाची एक शिस्त सांगितलीच पाहिजे. विश्लेषण करणाऱ्यांना नोंदींच्या एकऐवजी तीन आवृत्त्या दिल्या गेल्या होत्या. त्यांतली एकच खरी, दोन मुद्दाम बदललेल्या. खरी कोणती हे काम करणाऱ्यांपैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. तिन्हींवर सगळं गणित करायचं, सगळ्या चाचण्या पार पाडायच्या, पद्धत गोठवायची, आणि मगच पाकीट उघडायचं. वर्षानुवर्षं राबलेल्या माणसांनी निकाल आपल्या मनासारखा येऊ नये म्हणून स्वतःवर घातलेलं हे बंधन आहे. डोळ्याला आकृती दिसते तशी मनालाही अपेक्षित उत्तर दिसतं, हे त्यांनी ओळखलं होतं.

पाकीट उघडलं तेव्हा विश्व किती गुठळीदार आहे ते सांगणारा आकडा, ज्याला एस-आठ म्हणतात, ०.७७ च्या आसपास निघाला. महास्फोटानंतरच्या प्रारणाचा अभ्यास करणाऱ्या प्लँक उपग्रहाच्या नोंदींवरून तो ०.८३ यायला हवा होता. फरक लहान, पण इतर काही सर्वेक्षणांतही तो त्याच बाजूला झुकत होता, त्यामुळे सिद्धांतातच काही उणं आहे का अशी चर्चा रंगली. मग २०२५ मध्ये युरोपातल्या ‘किड्स’ सर्वेक्षणाने आपल्या संपूर्ण नोंदींवरून ०.८१५ हा आकडा दिला. तो प्लँकच्या जवळचा. या गटाचा आधीचा आकडा कमी होता; दीर्घिकांच्या अंतरांचे अंदाज सुधारल्यावर आणि नोंदी वाढल्यावर तो वर सरकला. सुबारूचं सर्वेक्षण २०१४ मध्ये सुरू होऊन पुढे अनेक वर्षं, एकूण ३३० रात्रींपर्यंत चाललं आणि मोरे यांच्या निबंधात त्यातला पहिल्या तीन वर्षांचाच वाटा आहे. सगळ्या रात्रींची मोजदाद झाल्यावर ०.७७ तिथेच राहतो की ०.८३ कडे जातो, हे त्या नोंदींतूनच ठरेल.